हाक हरवू नये म्हणून



हाताच्या सिग्नलचे दिवस ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ‘सिग्नल पडला’ एवढे दोन शब्द ऐकताच फलाटावरची ती लगबग आठवेल. आडवा हात म्हणजे थांबा, हात खाली पडला म्हणजे मार्ग मोकळा. डच भाषेत ह्या सिग्नलखांबाला ‘सेइनपाल’ म्हणतात. एका डच गणितज्ञाने हाच खांब, निदान नावाने, संगणकाच्या पोटात नेऊन रोवला. का रोवला, आणि त्यानंतरही एकदा गाडी कशी अडली, हा आमच्या आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

संगणक एका वेळी अनेक कामे करतो असे आपण म्हणतो. वस्तुतः कामे करणारा प्रोसेसर पुष्कळदा एकच असतो. तो क्षणभर हे काम, क्षणभर ते काम असा फिरत राहतो. ह्या कामांना टास्क म्हणतात. यान उतरवणे, कारखान्यातील झडप मिटणे, अशा ठिकाणी टास्क नुसते बरोबर होऊन भागत नाही, ते ठरल्या क्षणाच्या आत व्हावे लागते. अशा व्यवस्थेला रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. तेथे एका टास्कने दुसऱ्याला ‘माझे झाले, आता तू उठ’ असे सांगावे लागते. ही हाक कशी द्यावी? प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण त्याचा निकाल लागण्यास कित्येक वर्षे जावी लागली.

एड्सगर डायक्स्ट्रा ह्यांचा जन्म रॉटरडॅमचा, १९३० सालचा. १९५२ पासून ते ॲम्स्टरडॅमच्या गणित केंद्रात काम करीत. प्रोग्रामरचा धंदा तेव्हा इतका नवा होता, की १९५७ साली लग्नाच्या वेळी त्यांनी व्यवसाय म्हणून ‘प्रोग्रामर’ सांगितले, तर नगरपालिकेने ते मान्य केले नाही! त्याच सुमारास लूपस्ट्रा व स्कॉल्टेन हे त्यांचे सहकारी ‘एक्स-१’ नावाच्या नव्या यंत्राची रचना करीत होते. जुन्या पद्धतीत टंकयंत्राने एक अक्षर उमटवीपर्यंत संगणक ताटकळत उभा राही. तेवढ्या वेळात त्याच्या शेकडो बेरजा झाल्या असत्या. म्हणून ह्या दोघांनी सुचविले, की यंत्राने आपले काम करीत राहावे आणि टंकयंत्राचे झाले की त्याने मध्येच हाक मारून यंत्राला थांबवावे. ह्या मध्येच येणाऱ्या हाकेला इंटरप्ट म्हणतात.

डायक्स्ट्रा ह्या कल्पनेने घाबरले, आणि तसे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. भीती अशी, की हाक कोणत्या क्षणी येईल हे आपल्या हाती राहणार नाही. कार्यक्रमात चूक असली तर ती एखाद्याच वेळी प्रकट होईल आणि शोधू गेले असता पुन्हा दिसणारच नाही. सहकाऱ्यांनी गोड बोलून त्यांचा विरोध मोडून काढला. ते काम त्यांनी केले आणि त्यावरच १९५९ साली डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला. पण ती भीती आपण लक्षात ठेवू या. ती पुढे आपल्याला भेटणार आहे.

ही चूक कशी असते ते एका घरगुती दृष्टांताने सांगतो. आपण एका पत्राची वाट पाहत आहो. दारात जाऊन पाहिले, पोस्टमन नाही. तेव्हा ठरविले, की जरा पडावे, तो घंटा वाजवील तेव्हा उठू. आता समजा, आपण दारातून वळून खाटेकडे जात असताना, आणि ऐकू येत नाही अशा नेमक्या जागी असताना, घंटा वाजली. पोस्टमन आपले कर्तव्य करून निघून गेला. आपण निजलो, ते निजलोच! दोष कोणाचा? पोस्टमनने घंटा वाजविली होती, आणि आपणही पाहूनच निजलो होतो. दोष ‘पाहणे’ आणि ‘निजणे’ ह्यांच्यामधल्या फटीचा. आणि घंटेचा नाद मागे उरत नाही, ह्या गोष्टीचा.

१९६२ साली डायक्स्ट्रा आइंडहोवनच्या तंत्रविद्यालयात प्राध्यापक झाले. तेथे एक्स-८ ह्या यंत्रासाठी त्यांनी व मूठभर सहकाऱ्यांनी जी व्यवस्था रचली, तिचे वर्णन १९६८ साली प्रसिद्ध झाले. तिचा पाया म्हणजे तो सिग्नलखांब, इंग्रजीत सेमाफोर. हा सेमाफोर म्हणजे केवळ एक आकडा, आणि त्याच्यावर करावयाच्या दोन क्रिया. एकीचे नाव ‘व्ही’, म्हणजे आकडा एकाने वाढवा. दुसरीचे ‘पी’, म्हणजे आकडा एकाने कमी करा. तो शून्य असेल तर वाढेपर्यंत निजून राहा. प्रत्येक क्रिया अखंड, तिच्या मध्ये कोणी शिरू शकत नाही. म्हणजे फट बुजली. आणि हाक आकड्याच्या रूपाने मागे उरू लागली. घंटेच्या जागी पत्रपेटी आली! पोस्टमन अगोदर येवो वा नंतर, पत्र पेटीत आहेच.

आकडा एकाच्या पुढेही जाऊ द्यावा ही सूचना स्कॉल्टेन ह्यांची, असे श्रेय डायक्स्ट्रांनी १९६५ च्या आपल्या लेखात दिले आहे. ही सूचना लहान नव्हे. पुढच्या काळातील व्यवस्थांत ‘घटनेचे निशाण’ असाही एक प्रकार आला: घटना घडली की निशाण वर. पण निशाण वर असताना तीच घटना आणखी दोनदा घडली, तर निशाण काही तीनदा वर जात नाही. ‘काहीतरी घडले’ एवढेच कळणे पुरेसे असेल तेथे निशाण चालते. ‘किती वेळा’ हेही महत्त्वाचे असेल तेथे आकडाच लागतो. आजही ही निवड चुकली की यंत्रे चुकतात.

आता काही दशके पुढे जाऊ. ४ जुलै १९९७ रोजी अमेरिकेचे ‘पाथफाइंडर’ यान मंगळावर उतरले. काही दिवसांतच त्याचा संगणक मधूनमधून आपण होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ लागला. जमविलेली माहिती वाचे, पण त्या दिवसाचे उरलेले काम दुसऱ्या दिवसावर जाई. कारण असे होते: टास्कमध्ये निरोप पोहोचविणाऱ्या यंत्रणेलाच एक कुलूप होते. हवामानाची नोंद घेणारे कनिष्ठ टास्क ते कुलूप धरून बसे. माहिती वाटणाऱ्या वरिष्ठ टास्कला तेच कुलूप हवे असे. इतक्यात मधल्या दर्जाची टास्क येत आणि कनिष्ठाला बाजूस सारून प्रोसेसर घेत. कचेरीत टेबल एकच, कपाटाची किल्ली शिपायाजवळ, साहेब किल्लीसाठी खोळंबलेले, आणि हेडक्लार्क शिपायाला टेबलाजवळ येऊच देत नाही, तसा हा प्रकार! वरिष्ठाचे काम वेळेत झाले नाही असे पाहून पहारा करणारे टास्क सर्वच यंत्र नव्याने सुरू करी.

उपाय ठाऊक होता. शा, राजकुमार व लेहॉत्स्की ह्यांनी १९९० साली त्याचे शास्त्र मांडले होते: किल्ली हाती असेतोवर शिपायाला साहेबाचा दर्जा द्या, म्हणजे तो लवकर मोकळा होईल. यानाच्या सिस्टिममध्ये ही सोयही होती, फक्त बंद ठेवलेली होती. पॅसाडेनाच्या प्रयोगशाळेत तसल्याच यंत्रावर तो बिघाड पुन्हा घडवून पाहिला गेला, आणि जेथे पृथ्वीवरून संदेश पोहोचण्यास सुमारे दहा मिनिटे लागत, तेथे दुरुस्ती पाठविण्यात आली. ‘नाही’चे ‘होय’ झाले.

परंतु श्रोतेहो, खरी गोष्ट निराळीच आहे. हा बिघाड यान उतरण्यापूर्वी, पृथ्वीवरच्या चाचण्यांत, दिसला होता. शोधू गेले तेव्हा तो पुन्हा दिसला नाही. चाळीस वर्षांपूर्वी ज्या तरुणाला इंटरप्टची भीती वाटली, त्याची भीती ती हीच! अनेकजण आपापल्या गतीने चालत असतात तेथे शंभर वेळा ठीक झाले हा एकशे एकाव्या वेळेचा पुरावा नव्हे. तेथे चाचणी कमी पडते. व्यवस्थाच अशी रचावी लागते, की कोणी कोणत्याही क्षणी आले तरी हाक हरवू नये, आणि ज्याच्या हाती किल्ली आहे त्याला वाट मिळावी. डायक्स्ट्रा २००२ साली वारले. भय वाटले म्हणून ते मागे फिरले नाहीत, आणि ते भय विसरलेही नाहीत. आमच्या मते सेमाफोरचा जन्म त्या न विसरण्यातून झाला.