बंदूक कोणाची?



कामगार चळवळीतला माणूस वसंत व्याख्यानमालेत बंदुकीवर काय बोलणार, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल. बोनस, बदली कामगार, घरभाडे ह्यांवर बोललो असतो तर कोणास नवल वाटले नसते. परंतु बंदूक हीही अखेर कारखान्यात तयार होणारी वस्तू आहे. कोणाच्या तरी डोक्यातून ती निघते, कोणाच्या तरी हातून ती घडते, कोणी तरी तिच्यासाठी पैसा घालतो आणि कोणी तरी ती विकत घेऊन खांद्याला लावतो. ह्या चौघांत ती बंदूक खरोखर कोणाची, एवढाच प्रश्न मी आज एका जुन्या अमेरिकन रायफलीच्या निमित्ताने आपल्यापुढे ठेवणार आहे.

प्रथम ती वस्तू कशी असते ते पाहू. आपल्यापैकी जे शाळा-कॉलेजात एन.सी.सी.मध्ये होते त्यांनी पालथे पडून 'पॉइंट टू-टू'ची रायफल झाडली असेल. तिचे काडतूस करंगळीच्या एका पेराएवढे असते. त्याच्या बुडाकडे नीट पाहिले तर मध्यभागी टोपी दिसत नाही. पातळ पत्र्याची कड बाहेर दुमडलेली असते आणि ठिणगी पाडणारा मसाला त्या दुमडीतच भरलेला असतो. घोडा पडला की पोलादी टोक ही कड चेपते, मसाला पेटतो, त्याने दारू पेटते आणि गोळी सुटते. ह्याला रिमफायर काडतूस म्हणतात. कड चेपली जावी म्हणून पत्रा पातळच ठेवावा लागतो, आणि पत्रा पातळ म्हणून आत दारूचा जोर बेताचाच ठेवावा लागतो. शिवाय एकदा उडालेले काडतूस घरी पुन्हा भरून वापरण्याची सोय राहत नाही. हे शेवटचे वाक्य श्रोत्यांनी लक्षात ठेवावे. त्याचे पुढे काम आहे.

एन.सी.सी.ची रायफल बोल्टची. दर बारानंतर उजवा हात दस्त्यावरून काढून बोल्ट मागे ओढावा लागतो. मी सांगतो आहे ती रायफल तरफेची. चापाभोवती जे कडे असते तेच मागे लांबवून त्यात बोटे घालण्याची सोय केलेली असते. कडे खाली ढकलले की रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि घोडा आपोआप चढतो. कडे परत ओढले की नळीखालच्या कोठीतून आलेले नवे काडतूस नळीत सरकते. हेन्रीच्या रायफलीत ह्यासाठी सांध्यांची एक जोडी होती. माणूस उभा राहिला म्हणजे त्याचा गुडघा जसा ताठ होतो, तशी ती बार उडताना ताठ होई आणि मागचा धक्का पेली. तरफ हलवली की तो गुडघा वाके. हाताला सवय झाली की दस्ता खांद्यावरून न काढता बारामागून बार काढता येतो.

ही सोय किती मोठी होती हे समजण्यासाठी ठासणीची बंदूक डोळ्यांपुढे आणावी. नळीच्या तोंडातून दारू ओता, गोळी घाला, गजाने ठासा, टोपी बसवा, मग नेम धरा. कसलेला शिपाई मिनिटाला फार तर तीन बार काढी. १८६२ साली अमेरिकन नौदलाने हेन्री रायफलीची परीक्षा घेतली, तेव्हा १८७ बार ३ मिनिटे ३६ सेकंदांत निघाले.

आता ह्या हेन्रीची ओळख करून घेऊ. बेंजामिन टायलर हेन्री हा १८२१ साली न्यू हॅम्पशायर संस्थानात जन्मला. लहानपणीच बंदूक-कारागिराच्या हाताखाली उमेदवारीला लागला आणि पुढे व्हरमाँटमधल्या विंडसर गावच्या कारखान्यात काम करू लागला. अनेक बार काढणारी रायफल बनवण्याची खटपट त्या काळात तेथे चालू होती. पुढे पिस्तुलांसाठी जगभर नाव झालेले स्मिथ आणि वेसन हे दोघे त्याच खटपटीत होते. त्यांनी आणि काही भांडवलदारांनी १८५५ साली 'व्होल्कॅनिक' नावाची कंपनी काढली. तिच्या बंदुकीत गोळीच पोकळ करून तिच्यात दारू भरीत. दारू फार थोडी मावे, म्हणून मारा कमकुवत. कंपनीचे १८५७ साली दिवाळे वाजले.

ह्या कंपनीच्या भागीदारांत ऑलिव्हर विंचेस्टर नावाचा एक गृहस्थ होता. त्याचा धंदा सदऱ्यांचा. कनेक्टिकट संस्थानातील न्यू हेवन शहरी त्याचा सदरे शिवण्याचा मोठा कारखाना होता. बंदुकीची कारागिरी त्याच्या हातात नव्हती, पण हिशेबाची नजर पक्की होती. बुडालेल्या कंपनीची मालमत्ता त्याने घेतली, 'न्यू हेवन आर्म्स कंपनी' उभी केली आणि कारखान्यावर हेन्रीला नेमले. हेन्रीने पोकळ गोळीचा नाद सोडला, धातूच्या पत्र्याचे रिमफायर काडतूस घेतले आणि त्याच्याभोवती जुन्या यंत्रणेची नवी मांडणी केली. कड नक्की चेपली जावी म्हणून त्याने एका ऐवजी दोन टोके बसवली. १६ ऑक्टोबर १८६० रोजी त्याला पेटंट मिळाले. त्या पेटंटच्या कागदावर शोधक म्हणून हेन्रीचे नाव आहे आणि त्याच कागदावर हक्क विंचेस्टरच्या नावे करून दिल्याची नोंद आहे. एका कागदावर दोन नावे. आजच्या व्याख्यानाचे सार त्यात आले.

मोबदला म्हणून हेन्रीला रायफली बनवण्याचा ठेका मिळाला. न्यू इंग्लंडच्या बंदूक-कारखान्यांतली ही पद्धत आपल्याला अगदीच परकी नाही. इमारत, यंत्रे, कच्चा माल आणि शक्ती मालकाची. ठेकेदाराने माणसे स्वतः लावायची, त्यांचा पगार स्वतः ठरवायचा आणि नगामागे ठरलेला भाव घ्यायचा. मुंबईच्या गिरण्यांतला मुकादम आठवतो ना? फरक असा की आपल्या मुकादमाची सत्ता माणसे जमवण्यावर चाले, तर तेथला ठेकेदार बहुधा खात्यातला पहिल्या प्रतीचा कारागीर असे. खालच्या कामगाराचा प्रश्न मात्र दोन्हीकडे सारखाच. त्याचा धनी कोण? ज्याच्या फाटकातून तो आत येतो तो, की जो त्याच्या हातावर पैसे ठेवतो तो? हेन्री स्वतः ह्या साखळीच्या मधल्या कडीत होता. वर विंचेस्टर, खाली त्याने लावलेले कारागीर. त्या कारागिरांची नावे आज कोणाच्या ओठांवर नाहीत.

इतक्यात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. सरकारने ह्या रायफली फार थोड्या घेतल्या. सगळ्या मिळून १,७३१. तयार झाल्या सुमारे १४ हजार. मग बाकीच्या कोणी घेतल्या? पुष्कळशा शिपायांनी स्वतःच्या पगारातून घेतल्या! साध्या शिपायाचा पगार तेव्हा महिना १३ डॉलर होता आणि रायफलीची किंमत ४० डॉलरच्या वर, म्हणजे तीन महिन्यांहून अधिक पगार. इलिनॉयच्या ७ व्या पायदळ पलटणीतल्या लोकांनी अशा रायफली पदरच्या पैशांनी घेतल्या होत्या. ५ ऑक्टोबर १८६४ रोजी जॉर्जियातील अलाटूना खिंडीत त्याच रायफलींनी त्यांनी दक्षिणेच्या फौजेचे हल्ले परतवले. ज्या हत्याराने काम करायचे ते कामगारानेच विकत घ्यायचे, ही गोष्ट आपल्या सुताराला, गवंड्याला, शिंप्याला ठाऊक आहे. येथे तर हत्यार नसले तर मजुरीऐवजी जीवच जायचा.

रायफल गाजली, पण हेन्रीला वाटे की आपल्या पदरात फारच थोडे पडले. १८६४ च्या सुमारास तो कारखान्यातून बाहेर पडला. विंचेस्टर युरोपात असताना त्याने कनेक्टिकटच्या विधिमंडळाकडे धाव घेतली आणि कंपनीचा ताबा आपल्याकडे यावा अशी खटपट केली. विंचेस्टर घाईने परत आला, हा डाव त्याने मोडून काढला आणि १८६६ साली नवीच कंपनी उभी केली. तिचे नाव 'विंचेस्टर रिपीटिंग आर्म्स कंपनी'. हेन्री पुढे किरकोळ बंदूककाम करीत राहिला आणि १८९८ साली वारला.

न्यायाने बोलायचे तर विंचेस्टरची बाजूही सांगितली पाहिजे. दिवाळे निघालेल्या धंद्यात त्याने पैसा घातला आणि सरकार पाठ फिरवीत असतानाही तो धंदा तगवून धरला. त्याच्यावाचून हेन्रीची कल्पना कागदावरच राहिली असती. परंतु हेन्रीवाचून विंचेस्टर सदरे विकत राहिला असता, हेही तितकेच खरे.

कोणतीही चांगली वस्तू एका माणसाच्या हातून पुरी होत नाही. हेन्रीच्या रायफलीची कोठी पुढच्या टोकाकडून भरावी लागे, तिच्या खालच्या फटीतून धूळ शिरे आणि सतत बार काढले की तापलेल्या नळीने डावा हात भाजे. कारखान्यातल्या नेल्सन किंग ह्याने बाजूला काडतुसे भरण्याचे झाकण काढले आणि नळीखाली लाकूड बसवले. ही १८६६ ची विंचेस्टर. तिच्या पिवळ्या धातूच्या अंगावरून तिला 'यलो बॉय' म्हणत. तुर्कस्तानच्या सरकारने १८७० आणि १८७१ साली अशा ५० हजार बंदुका मागवल्या.

ह्याच बंदुकीने मूळच्या अमेरिकन लोकांच्या हातातही काम केले. २५ जून १८७६ रोजी लिटल बिगहॉर्न नदीकाठी लाकोटा आणि शायेन लोकांनी कस्टरच्या तुकडीचा फडशा पाडला. १९८३ साली तेथले गवत वणव्यात जळाले आणि पुढच्या वर्षी शास्त्रशुद्ध उत्खनन झाले. तेव्हा जमिनीत हेन्री आणि विंचेस्टर रायफलींची रिकामी काडतुसे सापडली. सरकारी शिपायांच्या हातात मात्र एकेक बाराच्या बंदुका होत्या. असे असूनही ती जमीन अखेर त्या लोकांच्या हातून गेलीच. त्याची कारणे अनेक आहेत, पण आपल्या विषयापुरते एक सांगतो. रिमफायर काडतूस पुन्हा भरता येत नाही, हे मी मघाशी सांगितले. बंदूक घोड्यावर असली तरी प्रत्येक बारासाठी दूरच्या कारखान्याचे आणि जवळच्या व्यापाऱ्याचे तोंड पाहावे लागे. हत्यार हातात असणे म्हणजे त्याची पुरी मालकी असणे नव्हे.

आपल्याकडे तर दोनच वर्षांनी, १८७८ साली, लॉर्ड लिटनच्या सरकारने हत्यारांचा कायदा करून प्रश्न मुळापासूनच मिटवला. हिंदी माणसाला परवाना हवा आणि युरोपियनाला सूट! काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात ह्या कायद्याविरुद्ध आवाज उठवला. स्वातंत्र्यानंतर १९५९ साली नवा कायदा झाला. परवान्याची अट राहिली, पण वंशावरून केलेला भेद गेला.

मोठे रिमफायर काडतूस पुढे मागे पडले. १८७३ पासून विंचेस्टरने मध्यभागी टोपी असलेले जोरदार काडतूस घेतले. रिमफायर उरले ते छोट्या पॉइंट टू-टूच्या रूपाने, कारण ते स्वस्त आणि त्याचा धक्काही नाममात्र. मार्लिन कंपनीने १८९१ साली त्यासाठी तरफेची रायफल काढली. अ‍ॅनी ओकली ही प्रसिद्ध नेमबाज बाई मार्लिनच्या रायफलीने खेळ करी.

विंचेस्टरच्या न्यू हेवन कारखान्यात पहिल्या महायुद्धाच्या काळात १५ हजारांहून अधिक माणसे काम करीत. १९३१ साली कंपनी दिवाळ्यात निघाली आणि दुसऱ्या मालकाकडे गेली. १९७९-८० मध्ये तेथे कामगारांचा मोठा संप झाला आणि १९८१ साली मालकाने कारखाना विकून टाकला. २००६ साली तो बंद झाला, तेव्हा आत दोनशेहूनही कमी कामगार उरले होते. संप लढवणाऱ्या आम्हा लोकांनी ही हकीकत डोळे उघडे ठेवून वाचली पाहिजे. मजुरीचा भाव ठरवण्यासाठी आम्ही झगडतो. कारखाना ठेवायचा की मोडायचा हे ठरवणारा कागद दुसऱ्याच्याच कपाटात असतो.

आणि हेन्रीचे काय झाले? विंचेस्टर कंपनी आपल्या रिमफायर काडतुसांच्या बुडावर अनेक वर्षे त्याच्या नावाचे पहिले अक्षर 'एच' ठोकीत असे. बंदुकीवर नाव मालकाचे आणि उडाल्यावर जमिनीवर पडणाऱ्या काडतुसावर कारागिराचे! पुढे १९९६ साली ब्रुकलिनमध्ये 'हेन्री' नावाची एक नवी कंपनी निघाली. तरफेची पॉइंट टू-टू रायफल हा तिचा पहिला माल. त्या कंपनीचा मूळ हेन्रीशी वारसाचा काही संबंध नाही. नाव बाजारात मोकळे पडले होते, ते तिने उचलले.

बंदूक कोणाची, ह्या प्रश्नाचे उत्तर १८६० च्या त्या पेटंटच्या कागदावर लिहिले गेले होते, आणि हेन्रीची सहीदेखील त्याच कागदावर होती. आपल्या शहरातही रोज कितीतरी कुशल माणसे असे कागद पुढे ओढून सह्या करतात. ती सही करण्यापूर्वी कागद शेवटपर्यंत वाचावा, आणि एकट्याने न वाचता चार जणांनी मिळून वाचावा, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.