कुत्र्याच्या वाट्याची पोळी

बडोद्यातल्या निजामपुऱ्याच्या जुन्या सोसायट्यांत सकाळच्या कणकेतून अजूनही कुत्र्याची पोळी निघते. गुजराती शेजारणी पहिली रोटली गाईची काढतात, शेवटची कुत्र्याची. आमच्या बडोदेकर मराठी घरांतून जेवणाआधीचा वैश्वदेव विधी कधीचाच गेला, पण त्यात श्याम आणि शबल या यमाच्या कुत्र्यांसाठी वाढला जाणारा घास या पोळीत उरला आहे. गल्लीतली कुत्री व्याली की पोरं घरोघर फिरून पीठ, गूळ, तेल गोळा करतात आणि तिच्यासाठी शिरा रांधला जातो. उत्तरायणाला कुत्र्यांसाठी वेगळे लाडू वळले जातात. दत्ताच्या तसबिरीतले चार कुत्रे पाहत आम्ही वाढलो, त्यामुळे हे सगळं आम्हाला कधी परकं वाटलं नाही.

या रिवाजातला लाड लोकांना दिसतो. मला त्यातला नेम मोठा वाटतो. ठरलेली वेळ, ठरलेली पायरी, ठरलेला हात. त्या कुत्र्यांना कुणी उचलून घेत नसे की नावाने हाका मारत नसे, तरी ती त्या दाराची होत.

म्हाताऱ्या, निरुपयोगी जनावरांना आसरा देण्याची चाल या मुलखात फार जुनी आहे. इंग्रज बिशप हेबर १८२५ साली बडोद्याहून पुढे भडोचला गेले, तेव्हा त्यांनी तिथल्या आजारी जनावरांच्या इस्पितळाबद्दल ऐकलं. ते घाण आणि हेळसांड झालेलं आहे, हे ऐकलेलं त्यांनी लिहून ठेवलं. पण पवित्र मानलेल्या प्राण्यांबरोबर तिथे घोडे, मांजरं आणि कुत्रेही होते, हीसुद्धा त्यांचीच नोंद. पुढे मुंबईत कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारायला माणसं लावली आणि जून १८३२ मध्ये पारशांच्या पवित्र दिवशीच ही कत्तल चालली, तेव्हा शहर पेटलं. पारशांबरोबर हिंदू आणि जैनही उतरले, दुकानं बंद झाली. दोन वर्षांनी, १८३४ साली, सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनी मुंबईची पांजरापोळ उभी केली. दयेचं हे मोठं काम होतं. पण पांजरापोळीत जनावराला अन्न आणि छप्पर मिळतं. ‘हा आमचा’ म्हणणारं माणूस मिळतंच असं नाही.

घरात बांधलेला, विकत घेतलेला कुत्रा ही निराळीच गोष्ट. ती आमच्या शेजारच्या फत्तेगंजसारख्या छावण्यांमधून आली. साहेबाची बदली झाली की त्याच्या कुत्र्याने नव्या साहेबाकडे जायचं किंवा मागे राहायचं. स्वातंत्र्यानंतर जातिवंत कुत्रा मध्यमवर्गीय घरांत आला, आधी पॉमेरेनियन आणि मग लॅब्रेडॉर. २००३ मध्ये ‘हच’ या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एक पग मुलाच्या मागेमागे धावला आणि गावोगाव पग आले. त्या चपट्या नाकाला बडोद्याचा मे महिना सोसत नाही, याचा विचार विकणाऱ्याने केला नाही आणि घेणाऱ्यानेही. हौस ओसरली की कुत्रा ओळखीच्यांकडे जातो, तिथून आणखी कुणाच्या फार्महाऊसवर.

कायदा काय म्हणतो? उपाशी-तहानलेला राहील अशा रीतीने सबळ कारणाशिवाय प्राणी टाकून देणं हा प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धच्या १९६०च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. रस्त्यावरच्या कुत्र्याची नसबंदी आणि लसीकरण करून त्याला त्याच्याच जागी परत सोडायचं, हे २००१च्या नियमांत आलं आणि २०२३च्या नव्या नियमांतही राहिलं. म्हणजे भटक्याची जागा कायद्याने ओळखली. घरातून घरात फिरवलेल्याला परत नेऊन सोडायला मात्र जागाच नसते.

आमच्याकडे आलेला पग असाच घरं बदलत आला होता. प्रत्येक घरात त्याला वेगळं नाव, त्यामुळे कुठल्याच हाकेला तो वळेना. कानांत जखमा होत्या, नखं वाकून पंजात रुतायला आलेली. जेवताना कुणी जवळून गेलं की गुरगुरायचा. कपाटावरून बॅग काढली की जागच्या जागी मुतायचा, कारण बॅग निघाली की घर बदलतं, एवढं त्याला कळलेलं होतं. शेजारच्या आजी दांडिया बाजारच्या वाड्यात वाढलेल्या. त्या म्हणाल्या, “पोरी, त्याला सारखी बोलवू नकोस. वाटी ठेव आणि जरा लांब, पाठ वळवून बस. येईल तो.”

तेच केलं. वाटी रोज त्याच कोपऱ्यात, त्याच वेळी. जेवताना त्याला कुणी हात लावायचा नाही. पाहुण्यांनी वाकून डोळ्यांत बघायचं नाही. अंघोळ घालायची घाई केली नाही. आधी डॉक्टर, जखमा आणि लस. फिरायला ऊन चढायच्या आत. गळ्यात आमच्या फोन नंबरचा बिल्ला, कारण घाबरलेला कुत्रा उघड्या दारातून पळतो आणि परतीचा रस्ता त्याला माहीत नसतो. नवरात्रीच्या ढोलाला आणि दिवाळीच्या फटाक्यांना आतल्या खोलीची दारं-खिडक्या लावून आमच्यापैकी एक जण त्याच्याजवळ बसायचा. जवळ घ्यायचं नाही, नुसतं बसायचं. बॅगसुद्धा मुद्दाम काढून हॉलमध्ये ठेवली आणि कुठेच गेलो नाही. असं पुन्हापुन्हा केलं, तेव्हा कुठे तो तिच्याजवळून निर्धास्त जायला लागला. मग एका दुपारी आपणहून माझ्या पायावर हनुवटी टेकून झोपला.

माया तर त्याच्यावर आधीच्या घरांतही कुणी ना कुणी केलीच असेल. नेम मोडत गेला, त्याने तो खचला होता.

म्हणून कुत्रा देण्याची वेळ कुणावर आलीच, तर त्याच्यासोबत त्याची वाटी, त्याचं अंथरूण, लसीचं कार्ड, त्याचं नाव आणि जेवणाच्या वेळा लिहिलेला कागद द्या. आणि घेणाऱ्यांनो, आणायच्या आधी घरात बसून ठरवा की त्याची पोळी रोज कोण ठेवणार. ते ठरत नसेल, तर आणू नका.