एकच पुस्तक

परवा मामांचा फोन आला होता. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर म्हणाले, "तू शाळेत असताना ते भित्तिपत्रक काढायचास, त्याचं पुढे काय झालं रे?"

काय होणार! बंद पडलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बुलढाण्याजवळच्या एका शाळेत मी काही वर्षं शिकवायला होतो. भित्तिपत्रक म्हणजे स्टाफरूममधला एक हार्डबोर्ड, चार टाचण्या आणि माझा उत्साह. सहकाऱ्यांनी लिहावं, शनिवारी सकाळची शाळा सुटली की अर्धा तास त्यावर बोलावं, अशी कल्पना. सगळ्यांना दहादा सांगितलं, आर्जवं केली. दोन महिने बोर्डावर माझेच लेख आणि एका सरांची चारोळी. तिसऱ्या महिन्यात आमच्या एका बाईंनी दोन पानं लिहून आणली. पंधरा ऑगस्टची रांगोळी आणि पाहुण्यांचा चहा दर वर्षी बायकांकडे आणि भाषण मात्र पुरुषांकडे, असं का, एवढाच त्यांचा प्रश्न. सोमवारी पाहतो तर कुणीतरी लाल शाईनं त्यांचे ऱ्हस्व-दीर्घ तपासून खाली 'दहापैकी चार' असे गुण दिलेले! स्टाफरूममध्ये हशा पिकला. मीही थोडा हसलो. बाईंनी कागद काढून घेतला आणि पुन्हा कधी काही दिलं नाही.

आपल्या लोकांना लिहायचा कंटाळाच, असं मी पुढे बरीच वर्षं सांगत फिरलो.

मामांच्या फोननंतर ताराबाई शिंद्यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' पुन्हा काढून वाचलं. ताराबाई बुलढाण्याच्या. आपल्याकडे किती जणांना हे माहीत असतं कोण जाणे; मला स्वतःला कॉलेज संपेपर्यंत माहीत नव्हतं. वडील बापूजी हरी शिंदे इथल्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. तेव्हा वऱ्हाड नावापुरता निजामाचा आणि कारभार इंग्रजांचा. बापूजींनी 1871 मध्ये स्वतः एक पुस्तिका काढली होती, आणि घराचा जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक मंडळींशी संबंध होता. एकुलत्या एका मुलीला त्यांनी मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवलं. लग्न करून जावई घरी आणला.

1881 मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला, जन्मलेलं मूल मारलं म्हणून, फाशीची शिक्षा झाली. अपिलात फाशी टळून काळं पाणी झालं. वर्तमानपत्रांना विषयच मिळाला. पुण्याच्या 'पुणे वैभव'नं या निमित्तानं समस्त बायकांच्या चालीरीतींवर तोंडसुख घेतलं. ते बुलढाण्यात बसून ताराबाईंनी वाचलं आणि त्यांचा संताप झाला. 1882 मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात त्यांचं पुस्तक छापलं गेलं. प्रती 500, किंमत नऊ आणे.

पुस्तक म्हणजे सरळ भांडण आहे हो! बायकांना जे जे दोष लावले जातात ते एकेक घ्यायचे आणि पुरुषांत ते किती पटीनं आहेत हे दाखवायचं. भाषा घरातली, चुलीपाशी बोलतात तशी. विधवांच्या पुनर्विवाहाची बंदी, विधवेला अपशकुनी ठरवणं, नाटक-कादंबऱ्यांत रंगवलेल्या बायका, कशालाच सोडलेलं नाही. प्रस्तावनेत मात्र, हा माझा पहिलाच प्रयत्न आहे, सांभाळून घ्या, अशी विनवणी.

सांभाळून कुणी घेतलं नाही. सनातन्यांकडून अपेक्षाच नव्हती, पण सत्यशोधकांतल्याही काहींनी पुस्तकाची हेटाळणी केली. म्हणजे जी मंडळी 1873 पासून शूद्रातिशूद्रांनी आणि स्त्रियांनी शिकावं, बोलावं म्हणून धडपडत होती, त्यांच्यातलीच काही जणं. इथे मला आमची स्टाफरूम आठवते.

1885 मध्ये जोतीरावांनी 'सत्सार' नावाची छोटी पुस्तिका काढायला सुरुवात केली. तिच्या दुसऱ्या अंकात ते ताराबाईंच्या बाजूनं उभे राहिले. त्यांना लेकीसारखं संबोधून, हसणाऱ्या आपल्याच सहकाऱ्यांचे कान धरले. परक्यांशी भांडणं सोपं असतं. आपल्या माणसांत उठून, हे तुमचं चुकलं, म्हणणं मला त्या सोमवारी जमलं नव्हतं.

त्याच वर्षीची आणखी एक गोष्ट. पुण्यात मराठी ग्रंथकारांची दुसरी सभा भरायची होती. न्यायमूर्ती रानड्यांनी जोतीरावांना अगत्याचं निमंत्रण पाठवलं. जोतीरावांनी नकार दिला आणि त्यांचं ते पत्र जूनमध्ये 'ज्ञानोदया'त छापून आलं. जे इतरांचे माणूस म्हणून हक्क मनापासून मान्य करत नाहीत, त्यांच्या सभेशी आणि ग्रंथांशी आमचं जुळायचं नाही, असा त्याचा आशय. रानड्यांचा हेतू वाईट नव्हता, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. निमंत्रण मीही दहादा दिलं होतंच की! पण सभेत बसल्यावर आपलं म्हणणं कोण, कसं ऐकेल, हे बोलावलेला माणूस बरोबर ओळखतो.

जोतीराव पाठीशी उभे राहिले, पण पुस्तक येऊन तोवर तीन वर्षं झाली होती. ताराबाईंचं त्यानंतर छापलेलं दुसरं काही मिळालेलं नाही. त्या टीकेनंच त्या गप्प झाल्या, असं बरेच अभ्यासक मानतात. पुस्तकही विस्मरणात गेलं, स. गं. मालशांनी 1975 मध्ये ते पुन्हा छापलं, म्हणजे 93 वर्षांनी. 1994 मध्ये रोझलिंड ओ'हॅन्लन यांचा इंग्रजी अनुवाद आला, आणि आता देशोदेशीच्या विद्यापीठांत ते वाचतात. ताराबाई साधारण 1910 च्या सुमारास गेल्या. पुस्तकानंतर सुमारे अठ्ठावीस वर्षं. अशी लेखणी हातात असलेल्या बाईंनी तेवढी वर्षं न लिहिता कशी काढली असतील?

असो. मामांकडून एक गोष्ट कळली. आमच्या त्या बाई आता निवृत्त होऊन बुलढाण्यातच असतात, मामींच्या भिशीत येतात. नंबर घेतला आहे. त्या दोन पानांत नेमकं काय काय होतं ते मला आता नीट आठवतही नाही. कागद त्यांनी ठेवला असेल तर मागून घ्यायचा आहे, आणि आधी त्या सोमवारच्या हसण्याबद्दल बोलायचं आहे. रविवारी फोन करतो.