शेनिन: डोंगराचं नाव, द्राक्षाला

नाशिकच्या वायनरीत पांढऱ्या वाइनच्या बाटलीवर ‘शेनिन ब्लाँ’ हे नाव हमखास दिसतं. ‘ब्लाँ’ म्हणजे फ्रेंचमध्ये पांढरा. मग शेनिन?

त्यासाठी फ्रान्सच्या लुआर नदीकाठी जावं लागतं. तिथल्या तुरेन भागात मोंशेनँ नावाचं ठिकाण आहे. ‘मों’ म्हणजे डोंगर. द्राक्षाचं नाव तिथून आलं, असं मानलं जातं. काहीजण ते कुत्र्यासाठीच्या ‘शिएँ’ या शब्दाशी जोडतात; मला डोंगराचीच व्युत्पत्ती पटते. कारण द्राक्षं ठिकाणाचं नाव सहज घेतात. याच वाणाला पूर्वी ‘आंजूचं रोप’ म्हणत, आणि आंजू हा तुरेनचा शेजारी प्रांत.

शब्द जुना आहे. याच मुलखातल्या राबले या लेखकाच्या १५३४ च्या सुमाराच्या ‘गार्गान्तुआ’ या कादंबरीत एका जखमी मेंढपाळाचे पाय टपोऱ्या शेनिन द्राक्षांनी शेकतात आणि तो बरा होतो!

या द्राक्षाचा जीव त्याच्या आंबटपणात आहे. तुरेनमधल्या वूव्रे गावात चुनखडीच्या जमिनीवरच्या एकाच वाणापासून कोरडी, गोड आणि फेसाळ अशा तिन्ही वाइन होतात. शरद ऋतूत मळ्यातून पुन्हा पुन्हा फिरून, बुरशीने सुकलेले मणी निवडून खुडले की दशकानुदशकं टिकणारी गोड वाइन मिळते.

दक्षिण आफ्रिकेत हाच वाण ‘स्टीन’ म्हणून नांदत होता. स्टीन म्हणजेच शेनिन, हे उलगडलं थेट १९६०च्या दशकात. आज तिथे त्याची लागवड फ्रान्सपेक्षाही जास्त आहे.