प्रकल्प नक्की कुणाचा?

गेल्या जानेवारीत आमच्या गावातल्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शन झालं. बातमी मीच केली होती. 'चिमुकल्यांच्या कल्पकतेने पाहुणे भारावले' असा मथळा दिला. फोटोत पुढच्या टेबलावर ज्वालामुखी, सूर्यमाला, पवनचक्की, सगळं कसं चकचकीत. त्यातला ज्वालामुखी माझ्या लेकीचा. म्हणजे एसटी स्टँडमागच्या दुकानातून मी साडेतीनशे रुपयांना आणलेला. 'उद्या प्रकल्प आणणे' हा निरोप शाळेच्या ग्रुपवर रात्री साडेआठला आला आणि दुकानाचं शटर खाली यायच्या आत मी कसाबसा पोहोचलो. लेक दुसरीत आहे. ती तोवर झोपली होती. नावाची चिठ्ठीसुद्धा मीच चिकटवली.

ज्वालामुखीला दुसरा नंबर मिळाला. घरात पेढे आले.

आठवडाभरानं जेवताना लेक म्हणाली, "बाबा, तिच्या करवंटीतली मटकी पिवळी का होती?"

"कुणाच्या?"

मग कळलं. तिच्या वर्गातली एक मुलगी, वडील मार्केट यार्डात हमाली करतात. तिनं तीन करवंट्यांत माती घालून मटकी पेरली होती. एक उजेडात ठेवलेली, एक डब्याखाली झाकलेली, एक पाण्याविना. तिला मागच्या बाकावर जागा मिळाली होती. नंबर नाही. मी फोटोही काढला नव्हता, कारण ते फ्रेममध्ये चांगलं दिसत नव्हतं.

म्हणजे अख्ख्या प्रदर्शनात जो एक खरा प्रयोग होता तो पत्रकाराला दिसला नाही, दुसरीतल्या पोरीला दिसला. तेव्हापासून हे डोक्यात बसलंय. म्हणून थोडं वाचलं, थोडं शोधलं. आज ते तुमच्यासमोर मांडतो. पोस्ट लांब आहे, पण घरात लहान मूल असेल तर वाचाच.

आधी या 'प्रकल्प' शब्दाचंच बघू. शाळेतला 'प्रोजेक्ट' जगभर गाजवला तो अमेरिकेतल्या विल्यम किलपॅट्रिक या शिक्षणतज्ज्ञानं, १९१८ साली. त्याचं म्हणणं साधं होतं. मुलानं स्वतः मनात धरलेला हेतू आणि तो पुरा करण्यासाठी मन लावून केलेलं काम, म्हणजे प्रोजेक्ट. हेतू मुलाचा पाहिजे. आता रात्री पावणेनऊला दुकानात धावणाऱ्या माझा हेतू काय होता? उद्या मुलीला ओरडा बसू नये, एवढाच. म्हणजे तो ज्वालामुखी प्रकल्प होता खरा, पण माझा.

त्याच्याही आधी, १८३७ मध्ये जर्मनीत फ्रीड्रिख फ्रोबेल नावाच्या माणसानं लहान मुलांसाठी खेळ आणि हातकामाची संस्था काढली. १८४० मध्ये त्यानं तिला नाव दिलं किंडरगार्टन, मुलांची बाग. आपल्याकडचं 'केजी' ते हेच. पण त्याच्या बागेत गृहपाठ नव्हता. लोकरीचे चेंडू होते, लाकडी ठोकळे होते, कागदाच्या घड्या घालणं, कागदाच्या पट्ट्या विणणं, माती मळणं होतं. मजा बघा, १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारनं या बालवाड्यांवर बंदी घातली. समाजवाद आणि नास्तिकपणा पसरवतात असा संशय! पुढच्याच वर्षी फ्रोबेल गेला. बंदी उठली १८६० साली. चार वर्षांच्या पोरानं कागदाची घडी घातली तर सरकारला धडकी भरावी, एवढी ताकद या कामात आहे, हे सरकारलाच आधी कळलं म्हणायचं.

मग मारिया माँटेसरी. १९०७ मध्ये रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत तिनं पहिलं बालगृह सुरू केलं. सुरुवात गरिबांच्या पोरांपासून, पण पुढे तिची साधनं घडवून घ्यायला पैसा लागायचा आणि ही पद्धत हळूहळू पैसेवाल्यांची झाली. १९३१ मध्ये गांधीजी लंडनला गोलमेज परिषदेसाठी गेले, तेव्हा त्यांची आणि माँटेसरीबाईंची भेट झाली. हे शिक्षण श्रीमंतांच्याच नव्हे तर गरिबांच्या मुलांपर्यंतही पोहोचावं, अशी इच्छा गांधीजींनी तिथं बोलून दाखवली.

हा प्रश्न सोडवला कुणी? आपल्याच माणसांनी. आणि इथूनच ही गोष्ट आपल्या अंगणात येते.

भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे वकील होते. स्वतःच्या मुलाला कसं वाढवावं या विचारातून वकिली सोडून बालशिक्षणात पडले आणि १९२० मध्ये त्यांनी बालमंदिर काढलं. लोक त्यांना 'मिशीवाली आई' म्हणायचे. त्यांच्या कामात १९२३ च्या सुमारास एक मराठी बाई येऊन सामील झाल्या. ताराबाई मोडक. मुंबईच्या, त्या काळातल्या पदवीधर. दोघांनी मिळून १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा केला. माँटेसरीचा विचार घ्यायचा, पण साधनं इथली, स्वस्त, गावच्या सुताराला करता येतील अशी, हा त्यांचा खटाटोप.

खरी कसोटी लागली १९४५ साली. ताराबाई समुद्रकाठच्या बोर्डी गावात आल्या. आजचा पालघर जिल्हा, तेव्हाचा ठाणे. त्याच वर्षी त्या भागात गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला होता. म्हणजे आजूबाजूची परिस्थिती काय असेल, तुम्हीच विचार करा. त्यांच्याबरोबर आल्या अनुताई वाघ. बालविधवा, जिद्दीनं शिकलेल्या, पुण्यात शिक्षिका असलेल्या. ताराबाईंना साथ देताना त्यांनी आयुष्यच तिकडं दिलं.

बालवाडी उघडली, पण पाड्यावरची पोरं येईनात. येणार कशी? कुणी धाकटं भावंड सांभाळतंय, कुणी गुरं राखतंय. इथं दुसरं कुणी असतं तर 'पालकांमध्ये जागृती नाही' असं अहवालात लिहून मोकळं झालं असतं. या बायकांनी उलटं केलं. पोरं येत नाहीत ना, मग बालवाडीच पाड्यावर न्यायची. कुणाच्या तरी अंगणात बसायचं. आधी पोरांना आंघोळ, नखं, केस. मग खेळ, गाणी, हातकाम. साधनं कुठली? शंख-शिंपले, खडे, बिया, पानं, फुलं, काटक्या, माती. मोजायला बिया, रंग ओळखायला फुलं, आकार लावायला खडे. विकत आणायला पैसे नव्हते, म्हणून परिसर हेच दुकान झालं.

अंगणात भरते ती अंगणवाडी.

हा शब्द आज आपण इतका सहज वापरतो की त्यातलं 'अंगण' कानाला जाणवतच नाही. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवली, तिचं नाव कुरणशाळा. आणि २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा देशभरच्या केंद्रांना हेच 'अंगणवाडी' नाव लागलं. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. देशाला शब्द दिला या बायकांनी, आणि आज आपल्या गावात अंगणवाडी म्हटलं की आपल्याला फक्त खिचडी आठवते.

दुसरी गोष्ट मध्य प्रदेशातल्या होशंगाबादची. १९७२ साली तिथल्या १६ शाळांमध्ये एक विज्ञान कार्यक्रम सुरू झाला. नियम एकच: पुस्तकातलं उत्तर पाठ करायचं नाही, प्रयोग करायचा आणि जे दिसेल ते लिहायचं. पुढे तो अख्ख्या जिल्ह्यात गेला. १९७८ मध्ये अरविंद गुप्ता नावाचा तरुण इंजिनियर तिथं आला. आयआयटी कानपूरला शिकलेला, पुण्याला ट्रकच्या कारखान्यात नोकरी करणारा. त्याच्या हाताला लागली सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी. तिचे तुकडे करून त्यात काड्यापेटीतल्या काड्या खोचल्या की आकार तयार होतात.

हे घरी करून बघा. काड्यांची गुलं आधी खरवडून टाका, आणि नळी मोठ्यांनी कापून द्या. चार काड्यांचा चौकोन करा. बोटानं दाबला की तो तिरका होतो. तीन काड्यांचा त्रिकोण करा. कितीही दाबा, तो हलत नाही. आता चौकोनात आडवी एक काडी बसवा, म्हणजे दोन त्रिकोण झाले. चौकोनही घट्ट! मग पोराला घेऊन बाजार समितीच्या पत्र्याच्या शेडखाली उभे राहा आणि वर बघा. सगळी कैची त्रिकोणांची. विजेच्या तारांचा मनोरा बघा. त्रिकोणच. काही रुपयांच्या सामानात इंजिनियरिंगचा पहिला धडा झाला, आणि तो पोरानं आपल्या बोटांनी शिकलेला असतो. गुप्तांनी पुढे पुण्याच्या आयुकातल्या विज्ञान केंद्रातून अशी शेकडो खेळणी पोरांपर्यंत पोहोचवली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. होशंगाबादचा कार्यक्रम मात्र २००२ मध्ये तिथल्या सरकारनं बंद केला. तीस वर्षांचं काम.

आता म्हणाल, हे मोठ्या माणसांचं झालं, आपल्याला कुठं जमणार? अहो, आपण लहानपणी दुसरं काय करत होतो?

दिवाळीचा किल्ला आठवा. सहामाही परीक्षा संपली की दगड-विटा गोळा. गोणपाट चिखलात कालवून त्यावर पसरायचं. वर आळीव नाहीतर मोहरी पेरायची, चार दिवसांत हिरवं होतं. दुसरीतल्या पोराला बी रुजणं तिथंच कळायचं. कारंजं करायला दवाखान्यातून न वापरलेली सलाइनची नळी मागून आणायची, बादली जिन्यावर ठेवायची. बादली खालच्या पायरीवर आणली की कारंजं बसतं, वर नेली की उडतं. आणि बादलीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर ते कधीच जात नाही. आमच्या आळीत यावर पैज लागली होती, आणि मी हरलो होतो. गावाला पाणी देणारी टाकी टेकाडावर का बांधतात, हे मला त्या पैजेनं शिकवलं, पुस्तकानं नाही. ठिपक्यांची रांगोळी, आकाशकंदिलाच्या कामट्या, सगळं तसंच. कला कुठली आणि विज्ञान कुठलं, आम्ही कधी वेगळं केलंच नाही.

आज बाजारात तयार किल्ला मिळतो. प्लास्टर ऑफ पॅरिसचा. आणायचा, मांडायचा, फोटो टाकायचा. चिखल नको, पसारा नको. मी दुकानदाराला दोष देत नाही, तो आपण मागतो ते विकतो. शिक्षकांनाही सरसकट देणार नाही. पन्नास पोरांचा वर्ग, वर ऑनलाइन माहिती भरायची, त्यात प्रदर्शनाचा आदेश येतो. पण साखळी बघा. आदेश शाळेला, शाळेचा निरोप पालकाला, पालकाचे पैसे दुकानाला, आणि फोटो पत्रकाराकडे. या सगळ्यात मूल कुठंय? आणि ज्या घरात साडेतीनशे रुपये म्हणजे एका दिवसाच्या मजुरीचा मोठा भाग, ते घर कुठंय? मागच्या बाकावर.

हीच गोष्ट मला सगळ्यात लागते. शंख-शिंपले आणि काटक्यांचं हे शिक्षण ज्यांच्यासाठी जन्माला आलं, त्याच पोरांना आज आपण त्याच कामात मागं ढकलतोय, कारण त्यांचं सामान स्वस्त दिसतं.

शाळांना माझी दोन साधी मागण्या आहेत. पहिली, प्रकल्पाचा निरोप निदान पंधरा दिवस आधी द्या. दुसरी, दुकानातून आणलेल्या मॉडेलला नंबर देऊ नका, आणि परीक्षकांनी मुलाला एकच प्रश्न विचारा: 'यात तुझं काय बिघडलं होतं?' ज्यानं स्वतः केलंय त्याच्याकडं याचं उत्तर हमखास असतं. मी माझ्या परीनं एक ठरवलंय. पुढच्या प्रदर्शनाला मागच्या बाकापासून फोटो काढायला सुरुवात करणार.

आणि घरी? आम्ही मटकी पेरली. तीन करवंट्या. एक खिडकीत, एक डब्याखाली, एक कोरडी. कोरडीतली तशीच राहिली. खिडकीतली बुटकी आणि हिरवी आली. डब्याखालची लांबसडक, फिकट पिवळी, मान टाकलेली. उजेडाशिवाय हिरवा रंग तयार होत नाही, आणि बियांत साठवलेलं सगळं अन्न उजेड शोधत उंच होण्यातच खर्च होतं, हे मी तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग डबा काढून ती करवंटी खिडकीत ठेवली आणि म्हणाली, "आता बघू हिरवी होते का."

दोन दिवसांत पानं हिरवी झाली. तिनं ती करवंटी दप्तरात घातली, त्या मैत्रिणीला दाखवायला. दप्तरभर माती झाली. आईनं मला चार शब्द सुनावले.

तुम्ही लहानपणी घरात काय केलं होतं, आणि आता पोरांबरोबर काय करता, ते जरूर लिहा. चांगल्या गोष्टी मी पेपरात छापीन. नाव मुलाचंच टाकीन, वडिलांचं नाही.