रिचर्ड म्यूलफेल्ड : ब्राम्स यांना पुन्हा लिहिते करणारे क्लॅरिनेटवादक

लग्नाच्या वरातीतील बँडमुळे क्लॅरिनेट मराठी कानांना अपरिचित नाही. युरोपीय अभिजात संगीतात मात्र या वाद्याला मानाचे स्थान मिळाले ते मोजक्या वादकांमुळे. मोझार्ट यांनी आपला क्लॅरिनेट कन्चेर्टो १७९१ मध्ये मित्र आंटोन श्टाडलर यांच्यासाठी लिहिला. वेबर यांनी हाइनरिश बेरमान यांच्यासाठी रचना केल्या. मोझार्ट यांच्या त्या कन्चेर्टोनंतर बरोबर शंभर वर्षांनी योहानेस ब्राम्स यांच्या बाबतीत हेच घडले. त्याला निमित्त ठरले रिचर्ड म्यूलफेल्ड.

म्यूलफेल्ड यांचा जन्म २८ फेब्रुवारी १८५६ रोजी जर्मनीतील साल्त्सुंगेन या गावी झाला. वयाच्या सतराव्या वर्षी, १८७३ मध्ये, ते मायनिंगन येथील दरबारी वाद्यवृंदात दाखल झाले, ते मात्र व्हायोलिनवादक म्हणून. क्लॅरिनेटवर त्यांनी मुख्यतः स्वतःच्या मेहनतीने प्रभुत्व मिळविले आणि १८७९ मध्ये त्याच वाद्यवृंदात ते प्रमुख क्लॅरिनेटवादक झाले. त्यांच्या वादनातील गायकी ढंगाचे मूळ पुष्कळदा त्यांच्या या व्हायोलिनच्या तालमीत शोधले जाते, आणि ते पटण्याजोगे आहे. गज ओढणाऱ्याला सूर लांबवर सांभाळण्याची सवय असते. फुंकीच्या वाद्यात तीच गोष्ट श्वासाने साधावी लागते.

मायनिंगन हे छोटेसे संस्थान. कोल्हापूर, बडोदे येथील दरबारांनी जसा गवयांना आश्रय दिला, तसा येथील ड्यूक गेऑर्ग दुसरे यांनी रंगभूमीला आणि संगीताला दिला. हान्स फॉन ब्यूलो यांच्या कडक शिस्तीत या वाद्यवृंदाचे नाव युरोपभर झाले. ब्राम्स यांच्या चौथ्या सिंफनीचा पहिला प्रयोग २५ ऑक्टोबर १८८५ रोजी येथेच, खुद्द ब्राम्स यांच्या संचालनाखाली झाला. वाग्नर यांच्या संगीतनाट्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या बायरॉइटच्या महोत्सवातही म्यूलफेल्ड अनेक वर्षे प्रमुख क्लॅरिनेटवादक होते. वाग्नर आणि ब्राम्स यांचे चाहते एकमेकांवर तुटून पडत असण्याच्या त्या काळात दोन्हीकडे मान असलेला हा वादक होता, हेही नोंदविण्यासारखे.

१८९० मध्ये सत्तावन्न वर्षांच्या ब्राम्स यांनी लेखनातून निवृत्त होण्याची भाषा सुरू केली होती. ती कितपत गंभीरपणे घ्यायची, याविषयी शंका घेता येते; स्वतःविषयी उदास बोलण्याची त्यांना सवयच होती. तथापि मार्च १८९१ मध्ये मायनिंगन येथे त्यांनी म्यूलफेल्ड यांचे वादन जवळून ऐकले, आणि क्लॅरिनेट याहून सुंदर कोणी वाजवू शकणार नाही, अशा आशयाचे पत्र क्लारा शूमान यांना धाडले. त्याच उन्हाळ्यात ऑस्ट्रियातील बाड इश्ल येथे क्लॅरिनेट, चेलो व पियानो यांसाठीचे त्रिकूट आणि क्लॅरिनेट व चार तंतुवाद्यांसाठीचे पंचक अशा दोन रचना सिद्ध झाल्या. नोव्हेंबरमध्ये मायनिंगनच्या दरबारात त्या खासगीत वाजविल्या गेल्या. १२ डिसेंबर १८९१ रोजी बर्लिन येथे योसेफ योआखिम आणि त्यांच्या सहवादकांच्या साथीने त्या रसिकांपुढे आल्या.

यांपैकी पंचक ही बी मायनरमधील कृती म्हणजे ब्राम्स यांच्या उत्तरायुष्यातील शिखर मानले जाते. त्याच्या संथ भागात तंतुवाद्ये थरथरत्या सुरांचा पट धरतात आणि क्लॅरिनेट त्यावर हंगेरीतील भटक्या वादकांच्या ढंगाने मुक्तपणे विहरते. आलाप ऐकण्याची सवय असलेल्या श्रोत्याला हा भाग पहिल्याच श्रवणात आपलासा वाटेल. अखेरीस सुरुवातीचाच सूर परततो आणि रचना कोणत्याही विजयघोषाविना विझत जाते.

१८९४ मध्ये ब्राम्स यांनी म्यूलफेल्ड यांच्यासाठी आणखी दोन सोनाटा लिहिले. त्यांची हस्तलिखितेही त्यांनी या मित्राला भेट दिली. दोघांनी मिळून हे सोनाटा फ्रँकफुर्ट येथे वृद्ध क्लारा शूमान यांना ऐकविले, आणि जानेवारी १८९५ मध्ये व्हिएन्नात त्यांचे जाहीर वादन झाले. ब्राम्स म्यूलफेल्ड यांना लाडाने ‘फ्रॉइलाइन क्लॅरिनेट’, म्हणजे ‘कुमारी क्लॅरिनेट’, म्हणत. दाढीमिशा राखणाऱ्या त्या भारदस्त गृहस्थाला हे कितपत रुचत असेल कोण जाणे! पुढे सोनाटांची व्हायोलासाठीची आवृत्तीही ब्राम्स यांनीच तयार केली. त्यामुळे आज व्हायोलावादकही या कृतींवर तितकाच हक्क सांगतात.

ब्राम्स ३ एप्रिल १८९७ रोजी निवर्तले. म्यूलफेल्ड यांचे १ जून १९०७ रोजी मायनिंगन येथे, अवघ्या एकावन्नाव्या वर्षी निधन झाले. ग्रामोफोन तोवर आला होता. परंतु म्यूलफेल्ड यांच्या वादनाची एकही ध्वनिमुद्रिका ज्ञात नाही. त्यामुळे ज्या सुराने एवढे घडविले तो नेमका कसा होता, यावर वादकांमध्ये आजही वाद झडतात. त्यांच्या सुरात व्हायोलिनसारखे कंपन असे, अशी एक आठवण सांगितली जाते. क्लॅरिनेटचा सूर सरळ, निष्कंप असावा असे मानणाऱ्या जर्मन परंपरेतील अनेकांना ती मान्य नाही.

पुरावा म्हणून उरली आहेत ती त्यांची वाद्ये. म्युनिकचे कारागीर गेऑर्ग ऑटनस्टायनर यांनी ती घडविली. आजच्या क्लॅरिनेटच्या काळ्या, जड लाकडाऐवजी ती फिकट पिवळसर बॉक्सवुडची असून मायनिंगनच्या संग्रहालयात जतन केलेली आहेत. त्यांची मापे घेऊन काही कारागिरांनी प्रतिकृती बनविल्या आहेत. त्यांवर वाजविलेल्या पंचकाचा नाद अधिक मऊ आणि तंतुवाद्यांत मिसळून जाणारा येतो. ओठ आणि श्वास मात्र दुसऱ्या कोणाचे असतात.