१,९९९ रुपयांचा स्मार्टफोन

ऑगस्ट २०१४च्या अखेरीस इंटेक्स कंपनीने ‘क्लाउड एफएक्स’ नावाचा फोन भारतात विकायला काढला. किंमत १,९९९ रुपये. त्या काळात एवढ्या पैशांत बटणांचा बरा फोन येई. टचस्क्रीनचा, इंटरनेट चालणारा फोन या भावात मिळणे कठीणच होते. पाठोपाठ स्पाइस कंपनीचा ‘फायर वन’ २,२९९ रुपयांना आला. या दोन्ही फोनांत अँड्रॉइड नव्हते. त्यांत होती मोझिलाची फायरफॉक्स ओएस ही मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे जिचा कोड कुणीही वाचावा, बदलावा आणि आपल्या कामाला लावावा अशी प्रणाली. सव्वा वर्षाने, डिसेंबर २०१५मध्ये, मोझिलाने मोबाइल कंपन्यांमार्फत असे फोन विकण्याचे काम थांबवत असल्याचे जाहीर केले. गोष्ट तिथेच संपली असती, तर तिची नोंद फसलेल्या प्रयत्नांच्या यादीत एका ओळीत झाली असती. पण याच कोडवर उभा राहिलेला दुसरा एक फोन २०१७मध्ये भारतात आला आणि २०२१पर्यंत दहा कोटींहून अधिक लोकांच्या हाती गेला. तो जिओफोन. कोडचे कूळ एक, देश एक, मधे जेमतेम तीन वर्षे. आणि निकाल मात्र दोन टोकांचे. नवी मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिम ग्राहकाला ओढू शकेल का, या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर इतके चांगले उदाहरण दुसरे नाही. माझे म्हणणे असे की, मोकळेपणामुळे सर्वसामान्य ग्राहक आजवर कधी आलेला नाही आणि पुढेही येणार नाही. मोकळेपणाचे काम वेगळे आहे, आणि ते ग्राहक ओढण्याहून कमी मोलाचे नाही.

मोझिलाने हा घाट का घातला, ते आधी पाहायला हवे. जुलै २०११मध्ये ‘बूट टू गेको’ या नावाने प्रकल्प जाहीर झाला. गेको हे फायरफॉक्स ब्राउझरचे इंजिन. वेबपान वाचून पडद्यावर मांडणारा भाग. कल्पना अशी होती की तळाशी लिनक्स ठेवावे, त्यावर थेट गेको बसवावे आणि फोनमधले प्रत्येक अ‍ॅप वेबपान ज्या भाषांत लिहितात त्याच भाषांत लिहावे. मग अ‍ॅप एका कंपनीच्या दुकानापुरते बांधलेले राहणार नाही, जिथे वेब तिथे ते चालेल. मोबाइलचे सगळे जग दोन अमेरिकी कंपन्यांच्या मुठीत जाताना स्पष्ट दिसत होते, आणि असा प्रसंग मोझिलाने पूर्वी अनुभवलेला होता. नोव्हेंबर २००४मध्ये फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली, तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररने बाजार जवळजवळ पूर्ण व्यापलेला होता. ती मक्तेदारी फायरफॉक्सने खरोखर मोडली. तेव्हा जमले ते फोनवरही जमेल, असे त्यांना वाटले यात नवल नाही. पण हीच तुलना त्यांना नडली. ब्राउझर हा माणूस स्वतः, आपल्या संगणकावर, पाच मिनिटांत उतरवून घेतो. पटला नाही तर काढून टाकतो. ऑपरेटिंग सिस्टिम तशी येत नाही. ती फोनच्या पेटीतूनच येते. तिची निवड ग्राहकाच्या आधी फोन बनवणारा, चिप पुरवणारा आणि नेटवर्क चालवणारा करून बसलेला असतो. ग्राहकाच्या पुढ्यात येतो तो तयार फोन, आणि तो किंमत, कॅमेरा, बॅटरी आणि शेजाऱ्याच्या फोनमध्ये चालणारे अ‍ॅप आपल्याकडे चालते का, एवढे पाहतो.

या मधल्या मंडळींना मोकळेपणाची ओढ होती, हेही खरे. फायरफॉक्स ओएसचा पहिला फोन, झेडटीई ओपन, जुलै २०१३मध्ये स्पेनमध्ये टेलिफोनिका या दूरसंचार कंपनीने आणला. ६९ युरोंना, त्यातले ३० युरो बोलण्याच्या शिलकीचे. पोलंडमध्ये डॉइचे टेलिकॉम पुढे आली, नंतर आफ्रिकेतल्या देशांसाठी ऑरेंज आली. या कंपन्यांना गूगल आणि अ‍ॅपलच्या कचाट्यातून थोडे बाहेर पडायचे होते. पण त्यांचा उत्साह अर्धाच होता. दुकानात अँड्रॉइडचे फोन शेजारी मांडलेले होतेच; नवा खपला नाही तर त्यांचे फारसे अडणार नव्हते. भारतातल्या फोनांची गत आणखी वाईट झाली. क्लाउड एफएक्समध्ये १२८ एमबी रॅम होती आणि नेटवर्क टू-जी. वेबच्या भाषेत लिहिलेले अ‍ॅप अशा यंत्रावर अडखळतच चालणार. आणि व्हॉट्सअ‍ॅपचे अधिकृत अ‍ॅप त्यावर नव्हतेच. कुणा तिसऱ्याने लिहिलेल्या अ‍ॅपमधून कसेबसे काम भागवावे लागे. २०१४च्या भारतात पहिला स्मार्टफोन घेणाऱ्या घरात फोनचा अर्थच व्हॉट्सअ‍ॅप असा होऊ लागला होता. अँड्रॉइडचे फोनही तीन-चार हजारांपर्यंत उतरले होते. मग दोन हजारांचा फोन घेऊन पुतण्याच्या लग्नाचे फोटो पाहता येणार नसतील, तर वाचलेल्या हजार-दीड हजाराचे काय करायचे? ग्राहकाचा हा हिशेब चोख होता. मोकळ्या वेबचे तत्त्व त्याला कुणी समजावून सांगितले नाही म्हणून तो फिरकला नाही, असे म्हणणे त्याच्यावर अन्याय आहे.

आता जिओफोन. २१ जुलै २०१७ रोजी मुंबईत रिलायन्सच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मुकेश अंबानींनी तो जाहीर केला. १,५०० रुपये डिपॉझिट, तीन वर्षांनी परत. महिन्याचा रिचार्ज १५३ रुपयांचा. यामागची गरज तांत्रिक होती. जिओचे नेटवर्क तेव्हा निव्वळ फोर-जी होते. त्यावर बोलणेही इंटरनेटच्याच मार्गाने होते, त्यामुळे कोट्यवधी लोकांकडचे जुने बटणांचे फोन तिथे निरुपयोगी होते. या लोकांना आत घ्यायचे तर फोर-जीवर बोलता येईल असा अगदी स्वस्त फोन हवा, आणि त्यात ५१२ एमबी रॅमवर, बटणांनी चालणारी प्रणाली हवी. मोझिलाने सोडून दिलेला कोड उचलून कायओएस नावाच्या कंपनीने नेमकी तशी प्रणाली घडवली होती. टचस्क्रीन गेली, बटणे परत आली, पडदा २.४ इंचांचा झाला. हा बदल शक्य झाला तो कोड मोकळा होता म्हणूनच. कुणाची परवानगी मागावी लागली नाही. पण दुकानाबाहेर रांग लावणाऱ्याला यातले काहीच ठाऊक नव्हते. तो आला होता अमर्याद बोलण्यासाठी आणि स्वस्त डेटासाठी. जुलै २०१८पर्यंत अडीच कोटी जिओफोन वापरात आले. त्यानंतर, सप्टेंबर २०१८मध्ये, व्हॉट्सअ‍ॅप त्यावर उतरले. त्याआधी जूनमध्ये खुद्द गूगलने कायओएसमध्ये २.२ कोटी डॉलर गुंतवले होते. हा क्रम नीट लक्षात घ्यावा. फायरफॉक्स ओएस अ‍ॅपची वाट पाहत ग्राहक गमावत राहिली. इथे आधी ग्राहक गोळा झाले आणि अ‍ॅप त्यांच्या मागोमाग आले. ग्राहकांना गोळा करण्याचे बळ कोडमध्ये नव्हते. ते टॉवर, तारा आणि रिचार्जच्या दरात होते.

यावर पहिला आक्षेप लगेच येईल की, अँड्रॉइडही मुक्तस्रोतच आहे आणि जगातले बहुसंख्य फोन त्यावर चालतात, मग मोकळेपणा ग्राहक ओढत नाही हे कसे? उत्तर अँड्रॉइडच्याच इतिहासात आहे. नोव्हेंबर २००७मध्ये गूगलने ३४ कंपन्यांची ‘ओपन हँडसेट अलायन्स’ उभी केली. आयफोन नुकताच आला होता, फोन बनवणारे हबकले होते, आणि मायक्रोसॉफ्टची प्रणाली घ्यायची तर परवान्याचे पैसे मोजावे लागत. अशा वेळी परवान्याचे पैसे नसलेली, हवी तशी बदलता येणारी प्रणाली मिळाली. मोकळेपणाने ओढले ते एचटीसी, सॅमसंग, मोटोरोला यांना. ग्राहकाला ओढले त्यांच्या फोनांनी, आणि पुढे अ‍ॅपच्या दुकानाने. हे दुकान आणि त्यामागच्या सेवा मात्र मोकळ्या नव्हत्या, गूगलच्याच होत्या. २०१२मध्ये एसर कंपनी अलिबाबाच्या अलीयुन प्रणालीवरचा फोन आणायच्या बेतात होती. गूगलच्या आक्षेपामुळे तो कार्यक्रम आयत्या वेळी रद्द झाला. अ‍ॅमेझॉनसारख्या धनाढ्य कंपनीने २०१४मध्ये अँड्रॉइडच्या मोकळ्या कोडवर, पण गूगलच्या दुकानाविना, स्वतःचा ‘फायर फोन’ काढला आणि त्यापायी १७ कोटी डॉलरचा फटका सोसला. कोड तोच, मोकळा. दुकान नाही, म्हणून ग्राहक नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२मध्ये अँड्रॉइडच्या अटींवरून गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला, तो याच दुकानदारीच्या अटींसाठी. मुक्तस्रोत या शब्दाने अँड्रॉइडच्या यशाचा उलगडा करणारे हा भाग वगळतात, आणि त्यामुळे नव्या प्रकल्पांची दिशा चुकते.

दुसरा आक्षेप अधिक मनापासूनचा असतो. काही लोक तत्त्वासाठी, खासगीपणासाठी मोकळी प्रणाली निवडतातच. त्यांची संख्या वाढेल. अशा लोकांचे बळ किती, हे एकदा मोजले गेले आहे. २०१३च्या उन्हाळ्यात कॅनॉनिकल कंपनीने आपल्या मुक्तस्रोत उबंटू प्रणालीवरच्या ‘उबंटू एज’ फोनसाठी लोकांकडून ३.२ कोटी डॉलर जमवायचे ठरवले. महिनाभरात सुमारे १.२८ कोटी डॉलरची वचने मिळाली. न पाहिलेल्या फोनसाठी लोकांनी एवढी रक्कम कबूल करावी, ही मला आजही मोठी गोष्ट वाटते. पण ठरलेल्या रकमेचा टप्पा गाठला गेला नाही, पैसे परत गेले, आणि एप्रिल २०१७मध्ये कॅनॉनिकलने फोनचा नादच सोडला. भक्तांचा गोतावळा प्रणालीला जिवंत ठेवू शकतो, पण तिचा बाजार उभा करू शकत नाही. चीनमधल्या हुआवेच्या हार्मनीओएसचा दाखलाही दिला जातो, परंतु तिथला ग्राहक मोकळेपणाकडे धावला नव्हता. मे २०१९मध्ये अमेरिकेने हुआवेवर निर्बंध घातले, गूगलच्या सेवा बंद झाल्या, आणि स्वतःचे कारखाने, स्वतःची दुकाने व मोठा देशी बाजार हाताशी असलेल्या कंपनीने दुसरा मार्ग काढला. म्हणजे पुन्हा तेच: ग्राहक आला तो फोनमागे.

आपल्याकडच्या एका प्रयत्नाने या नियमाला थोडा छेद दिला, म्हणून त्याचे नाव आदराने घ्यायला हवे. आयआयटी मुंबईच्या तीन माजी विद्यार्थ्यांनी घडवलेली इंडस ओएस ही अँड्रॉइडवरच आधारलेली प्रणाली २०१५मध्ये मायक्रोमॅक्सच्या फोनांतून आली. मराठी, गुजराती, तमिळ अशा भाषांत फोन वापरता यावा, इंग्रजी संदेश बोटाच्या एका फटकाऱ्यात आपल्या भाषेत वाचता यावा, हे तिचे बलस्थान. ग्राहकाला दिसेल, हाताला लागेल असा फरक तिने दिला, आणि तो देता आला तो खालचा कोड मोकळा होता म्हणूनच. पण भारतीय भाषांची सोय अँड्रॉइडमध्येही सुधारत गेली, आणि वेगळेपण टिकवणे अवघड झाले. इंडस पुढे अ‍ॅपच्या दुकानाकडे वळली आणि २०२२मध्ये ती फोनपेकडे गेली. खरी किल्ली कुठे आहे, हे तिच्या या वळणानेही दाखवले. जानेवारी २०२३मध्ये आयआयटी मद्रासच्या परिसरात वाढलेल्या एका कंपनीची ‘भारओएस’ केंद्रीय मंत्र्यांच्या हस्ते तपासली गेली, तेव्हा चर्चा सुरक्षिततेची आणि स्वावलंबनाची झाली. दोन्ही गोष्टी रास्त आहेत. पण बँकांची अ‍ॅप तिच्यावर चालावीत यासाठी बँकांना कोण तयार करणार, आणि लाखांच्या संख्येने फोन कोण घडवणार, हे दोन प्रश्न त्याहून आधीचे होते.

मग कुणी विचारील की मोकळेपणाचा उपयोग तरी काय? दहा कोटी जिओफोन विकले गेले खरे, पण तो फोन जिओच्याच सिमला बांधलेला होता आणि ज्याच्या हाती तो होता त्याला आतला कोड बदलण्याची मुभा नव्हती. मोझिलाने ज्या स्वातंत्र्यासाठी हा घाट घातला ते वाटेत कुठेतरी गळून पडले, आणि याची खंत वाटायलाच हवी. शिवाय २०२१मध्ये जिओनेच गूगलबरोबर मिळून अँड्रॉइडवर आधारित ‘जिओफोन नेक्स्ट’ आणला. तरीही विंडोज फोनशी तुलना करून पाहावी. मायक्रोसॉफ्टने नोकियाचा फोनचा धंदा विकत घेतला, २०१५मध्ये त्यापायी ७.६ अब्ज डॉलर बुडीत मांडले, आणि काही वर्षांत ती प्रणाली संपली. अनेकांना आवडणारी, देखणी प्रणाली होती ती. पण कोड बंद होता, म्हणून मालकाने हात काढताच तिचा वंश खुंटला. मोकळ्या प्रणालींचे तसे झाले नाही. नोकियाने वाऱ्यावर सोडलेल्या मीगोमधून फिनलंडच्या योल्ला कंपनीची सेलफिश निघाली. कॅनॉनिकलने टाकून दिलेली उबंटू टच स्वयंसेवकांच्या यूबीपोर्ट्सने सांभाळली. अँड्रॉइडच्या मोकळ्या कोडवर बेतलेल्या सायनोजेन प्रणालीमागची कंपनी २०१६च्या अखेरीस आवरली, तेव्हा तिच्या कोडमधून लिनिएजओएस उभी राहिली, आणि कंपन्यांनी अपडेट थांबवलेले कितीतरी जुने फोन त्यामुळे आजही चालतात. एचपीने गुंडाळलेली वेबओएस एलजीच्या टीव्हींमध्ये गेली.

फायरफॉक्स ओएसचा पुढचा प्रवासही याच जातीचा आहे. सप्टेंबर २०१६मध्ये मोझिलाने फोनसाठीचा कोड आपल्या मुख्य भांडारातून काढून टाकण्याचे ठरवले. त्यामुळे कायओएसचे फोन गेकोच्या ४८व्या आवृत्तीवर अडकून पडले. वेब पुढे जात राहिली आणि कोट्यवधी हातांतले ब्राउझर मागे राहिले. मार्च २०२०मध्ये मोझिला आणि कायओएस यांनी हे इंजिन अद्ययावत करण्यासाठी करार केला. पुढच्या वर्षी कायओएसची तिसरी आवृत्ती निघाली, आणि तिच्यात गेकोची ८४वी आवृत्ती होती.